हडळ, हेडक्लार्क आणि रेणापूरच्या घागरी

परवा माझी सून मोबाइलवर काहीतरी वाचत एकटीच खुदुखुदू हसत होती. काय वाचतेस म्हणून विचारलं, तर आधी तिने फोन उपडा केला. मग लाजत म्हणाली, "काही नाही आई, टाइमपास. एका मुलीच्या फ्लॅटमध्ये भूत असतं आणि हळूहळू त्या दोघांचं जमतं." या प्रकाराला म्हणे आता मोठं नाव आहे, आणि मोठ्या शहरांत पुस्तकांच्या दुकानात त्याची वेगळी कपाटं असतात. मी नाक मुरडणार अशी तिची खात्री होती. मी एवढंच विचारलं, "भूत विनोदी आहे का?" ती म्हणाली, "खूपच." "मग वाच," मी म्हटलं. "नुसत्या भुताचं वाचू नये आणि नुसत्या प्रेमाचं तर मुळीच वाचू नये. दोन्ही डोक्यात जातात."

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. असली पुस्तकं मी ढिगाने वाचलीत, तीही मोठ्याने, ओट्यावर बसून, टँकरची वाट बघत. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. त्यातल्या एका पुस्तकाने माझ्या मावशीचा संसार राखला, असं माझं मत आहे. साहित्यात ज्यांना फार गती आहे अशा लोकांना मी हे सांगत नाही. ते हसतात, आणि नको तिथे हसतात.

नवा जिल्हा म्हणजे नव्या नोकऱ्या. मी नांदेडची. टायपिंगच्या परीक्षा देऊन घरात बसले होते, ती लातूरच्या नव्या कचेरीत लागले. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकने येत होते, टेबलांना वार्निशचा वास होता आणि कोणता साहेब कुठे बसतो हे शिपायालाही धड माहीत नव्हतं. मला टंचाईचं टेबल मिळालं. पाऊस पुन्हा रुसला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या. कोणत्या गावाला टँकर जाणार हे मी दिवसभर टाइप करायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुवायला तांब्याभर पाणी मागताना माझाच जीव कानकोंडा व्हायचा.

घर मावशीचं होतं. मावशी म्हणजे आईची सगळ्यात धाकटी बहीण, माझ्याहून थोडीच मोठी. लहानपणी आजोळी, इस्लापूरला, आम्ही दोघी एका गोधडीत झोपायचो. पावसाळ्यात सहस्रकुंड भरून वाहायला लागलं आणि वारा तिकडचा असला की धबधब्याचा आवाज अंगणात यायचा. मावशी त्या आवाजात मोठी झालेली, खळाळून हसणारी, झाडावर चढणारी. तिला लातुरात दिली, आणि तीही बिजवराला. आजोबांचं वय झालं होतं, मुलगा निर्व्यसनी होता, दुकान स्वतःचं होतं, एवढं बघितलं गेलं. मावशीला विचारलं का, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यातही आला नाही.

काका वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. गंजगोलाईत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन, मग दुकान, दिवेलागणीला घर. दुकानात भांडं घेतलं की त्यावर नाव घालून देत. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, आणि मान खाली घालून टकटक टकटक. लग्नसराईत अख्ख्या गावाच्या लेकीबाळींची नावं त्यांच्या हाताखालून जायची. बोलणं मात्र जेवलात का, दार लावा आणि येतो, यापलीकडे नाही. त्यांची पहिली बायको रेणापूरची. ती तापाच्या आजारात गेली, मूलबाळ नव्हतं, इतकंच आम्हाला ठाऊक होतं. काकांच्या तोंडून तिचं नाव या घरात कोणी ऐकलं नव्हतं.

पण ती घरात होती. मावशीच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी, नखाएवढा चांदीचा टाक होता आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती. दुसरेपणावर आलेल्या बाईने मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती नाराज होत नाही, अशी आमच्याकडची रीत. नवं लुगडं आणलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडधोड केलं तर पहिला घास तिच्या नावाने बाजूला. मावशीच्या गळ्यात तो टाक मोठ्या नणंदेने बांधला आणि बांधता बांधता कानात म्हणाली, "संभाळून ऱ्हा बाई. लई मानी होती." नणंदबाई लाडू खाऊन आपल्या गावी गेल्या. मावशी मात्र ते वाक्य उशाला घेऊन राहिली.

दार आपोआप लागलं की ती. दूध नासलं की ती. एकदा मावशीला दिवस गेले आणि गर्भ पडला, तेव्हा तर तिच्या मनात शंकाच उरली नाही. मी राहायला आले तेव्हा माझी मावशी पायांचा आवाज न करता चालायला शिकली होती. स्वतःच्या घरात चोरासारखी वावरायची. मला तिचा राग यायचा आणि त्याहून जास्त त्या घराचा.

त्यात ती भांडी. पहिलीच्या लग्नात रेणापूरकरांनी घागरी, कळश्या, हंडा, परात असं सगळं भरभरून दिलं होतं, आणि एकूण एक भांड्यावर तिचं नाव ठोकलेलं. पितळेवर ठोकलेलं नाव घासून जात नाही. मावशीने आल्या आल्या ती सगळी माळ्यावर टाकायला लावली. काकांनी शिडी लावली, एक अक्षर न बोलता सगळी वर चढवली आणि शिडी काढून घेतली. खाली राहिली मावशीच्या माहेरची स्टीलची चार भांडी. त्यांच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. "अख्ख्या गावाची नावं घालणारा माणूस," मावशी मला एकदा म्हणाली, "पण माझ्या एका वाटीवर दोन अक्षरं उमटली न्हाईत त्याच्याच्यानं."

दुष्काळाने ही व्यवस्था मोडली. नळ आठवडा आठवडा कोरडे राहू लागले. टँकर आला की मिळेल ते, मिळेल त्यात भरून ठेवायचं, आणि घरात भांडी चार. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी पाणी साठवायला भांडं नाही, हे सांगायचीही सोय नव्हती. दुकानातला माल घरी आणायचा नाही, हा काकांचा नेम. शेवटी एक दिवस शिडी लागली आणि रेणापूरच्या तीन घागरी खाली आल्या. मावशीने त्या धुतल्या, टाकाला हात लावून काहीतरी पुटपुटली आणि घागरी टँकरच्या लायनीत नेऊन ठेवल्या.

लायनीत बायका उभ्या राहत नसत, भांडी उभी राहत. सकाळी उठून घागर नेऊन ठेवायची आणि कामाला लागायचं. टँकर आला, आपला नंबर आला की पुढची बाई हाक मारणार. नवा जिल्हा झाल्यापासून गल्लीत बदलीवर आलेल्यांची बिऱ्हाडं भरली होती, कोणी कोणाला ओळखत नव्हतं. मग ओळख कशावरून? भांड्यावरच्या नावावरून. घागरीवर जे नाव, ती तिची मालकीण. सरळ हिशोब.

त्या दिवशी मावशी दारात तांदूळ निवडत होती आणि मी कचेरीला निघाले होते. टँकरजवळून कोणीतरी खणखणीत आवाजात पहिलीचं नाव घेऊन ओरडलं, "अवं, या की! तुमचा नंबर आला!" मावशीच्या हातातलं सूप खाली पडलं. पुन्हा हाक आली. मी तिला हलवलं, ती हलेना. घागर बाजूला सरकवून लायन पुढे गेली आणि आमच्या घागरी रिकाम्याच परत आल्या.

"ऐकलंस?" ती मला म्हणाली. "आता तर लोकं बी तिलाच हाका मारून राहिले. मग मी हाय तरी कुठं?"

त्याच दिवशी तिने ठरवलं. दिवाळीला मी नांदेडला घरी जाणार, तेव्हा तीही माझ्याबरोबर निघणार. नांदेडहून इस्लापूर. आणि परत यायचं नाही. पेटीत तिने लुगडी भरली, वर जुनी चादर टाकली. काकांना वाटलं, चार दिवस माहेरपण. खरं फक्त मला माहीत होतं आणि ते ओझं मला पेलत नव्हतं. मावशीला नवऱ्याने टाकलं असतं तर गाव हळहळलं असतं, पण तिने नवरा टाकला तर आजोबांच्या दारात कोणी चहाही प्यायला आलं नसतं. तरी मी तिला थांब म्हणू शकत नव्हते. तिची मान दिवसेंदिवस त्या टाकाच्या भाराने खाली चाललेली मी बघत होते.

पुस्तकं आली ती अशा दिवसांत. बसस्टँडच्या बाजूला एक माणूस भाड्याने कादंबऱ्या द्यायचा. रहस्यकथा, सामाजिक आणि भुताच्या, अशा त्याच्या तीन फळ्या. मी त्याच्याकडे रहस्यकथा मागितली, तो म्हणाला, "रहस्य सगळं बाहेर गेलंय ताई. हे न्या, भुताचं हाय, पण हसायचं हाय." मुखपृष्ठ फाटलेलं, कोपरे कुरतडलेले. घरी आणलं तर मावशीच्या अंगावर काटा. "भुताचं? आणि या घरात? येडी झालीस का गं!" मी म्हटलं, एक पान ऐक, नको वाटलं तर परत करते.

गोष्ट एका हेडक्लार्कची होती. त्याची बदली होते आणि त्याला सरकारी क्वार्टर मिळतं. मागे चिंच, चिंचेवर हडळ. शंभर वर्षांत जो तिला बघेल तो किंचाळत पळालेला. हा मात्र डोळ्यांनी अधू, चष्मा प्रवासात फुटलेला. त्याला वाटतं, शेजारच्या वहिनी आल्या. तो म्हणतो, "या, बसा, चहा टाकतो." हडळीला शंभर वर्षांत कोणी बसा म्हटलेलं नसतं. ती बसते. आता हडळीचे पाय उलटे, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे व्हायचं काय, की ती जवळ येऊ लागली की तो तिच्या पावलांकडे बघून म्हणायचा, "हे काय, एवढ्यात निघालात?" आणि ती खरंच निघाली की खुश होऊन म्हणायचा, "या, या, अलभ्य लाभ!"

मावशी हसली. आधी पदरात, मग पदराबाहेर. सहस्रकुंडाच्या दिवसांतलं हसू, मी विसरलेच होते ते. हसता हसता तिने एका हाताने गळ्यातला टाक मुठीत झाकून घेतला. बहुतेक त्याचे कान झाकले असावेत. मग डोळे पुसत म्हणाली, "पुढं?"

तेव्हापासून रोज. मी कचेरीतून यायची, दिवेलागणीच्या आधी ओट्यावर रिकाम्या घागरींशेजारी बसून वाचायची. हे पुस्तक मावशीच्या हट्टाने मी पुरवून पुरवून वाचत होते, मधूनमधून दुसरीही आणत होते. एका पुस्तकात पिंपळावरचा मुंजा होता. पिंपळाखाली सायकल लावणाऱ्या मास्तरीणबाईंवर तो भाळतो, पण सोडमुंज न होताच मेलेला, त्यामुळे लग्न करता येईना, म्हणून गावातल्या भटजींच्या मागे लागतो. भटजी म्हणतात, करतो बाबा, पण मुहूर्त आधीच्या यजमानांना दिलेत. मावशी त्या मुंजाची बाजू घेऊन भटजींना शिव्या द्यायची. काका आत खोलीत पेपर वाचत असायचे. ते ऐकत नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. पण पेपरचं पान उलटल्याचा आवाज येत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

असल्या गोष्टींत असतं काय, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. नुसती भुताची गोष्ट सांगते की मेलेल्याला तुमचा जीव हवा आहे. मावशीच्या नणंदेने सांगितली ती तसलीच गोष्ट होती. नुसती प्रेमाची गोष्ट सांगते की एक दिवस तो येईल आणि सगळं बोलेल. आमच्या घरांत कोणी येऊन सगळं बोलल्याचं मी तरी पाहिलं नाही. या विनोदी गोष्टी दोन्हीतलं खोटं काढून टाकतात. त्यांत मेलेल्याला तुमचा जीव नको असतो. चहा हवा असतो, कोणीतरी बसा म्हणायला हवं असतं. आणि जिवंत माणूस शूर नसतो, देखणा नसतो, आंधळा असतो बिचारा, पण विचारपूस करतो. विचारपूस एवढ्यावर प्रेम जमतं, ही गोष्ट कोणत्याही सामाजिक कादंबरीपेक्षा मला जास्त खरी वाटते.

शिवाय ज्याला आपण हसलो त्याला पूर्वीसारखं भिता येत नाही. थोडंसं आवडायलाच लागतं ते. आणि एक सोय अशी, की मावशीला नवऱ्याला विचारता आलं नसतं, तुमचं तिच्यावर प्रेम होतं का. माझ्यावर आहे का, हे तर सात जन्मांत विचारता आलं नसतं. पण ओट्यावर बसून, आत ऐकू जाईल अशा आवाजात, ती मला बिनधास्त विचारू शकत होती, "काय गं, त्या क्लार्काला ती हडळ आवडते का न्हाई?"

दिवाळी दोन दिवसांवर आली आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आलं. हेडक्लार्कची आई गावाहून येते आणि त्याचं लग्न एका जिवंत मुलीशी ठरवते. नवा चष्माही करते. लग्न होतं, नवी नवरी क्वार्टरच्या दारात येते, माप ओलांडते. हडळ चिंचेवरून खाली उतरते, उलट्या पावलांनी मागच्या दाराने घरात शिरते, नव्या नवरीच्या मागे येऊन उभी राहते. आणि पानं संपली. पुढची कोणीतरी फाडून नेलेली. हे मला आधीच कळायला हवं होतं, पण मी शेवट चाळून बघणाऱ्यांतली नाही.

"पुढं?" मावशी म्हणाली.

"पुढं नाही. पानंच नाहीत."

मला वाटलं ती हसेल. तिचा चेहरा उतरला होता. "मारंल ती नव्या बाईला," ती हळू आवाजात म्हणाली. "अजून काय करंल? तिचं घर हाय ते."

"जाईल की परत झाडावर."

"न्हाई. जायची न्हाई ती."

इतके दिवस मिळवलेलं हसू त्या फाटक्या पानापाशी संपलं होतं. तेवढ्यात काका दारात आले. हातात पेपर तसाच.

"ती काही करायची न्हाई," ते म्हणाले.

मावशीने पदर सावरला. काका आपणहून बोलले याचाच आम्हा दोघींना धक्का बसला होता. "तुमाला काय मालूम?" ती म्हणाली.

"मला मालूम हाय. तिला भुताचं लई भ्या होतं."

"हडळीला?" मी विचारलं.

"न्हाई," काका म्हणाले आणि मावशीच्या गळ्यातल्या टाकाकडे बोट केलं. "हिला."

मग काका उंबऱ्यावर बसले. बसून बोलणं त्यांना जमत नसावं, कारण ते पेपरच्या घडीकडे बघतच बोलले. "दिवस बुडला की न्हाणीत एकटी जायची न्हाई. मला दाराशी उभं करायची. म्हणायची, बोलत ऱ्हावा. आता मी काय बोलणार? दुकानात आज कोणाकोणाची नावं घातली ती सांगत उभा ऱ्हायचो. नावं सरली की ती आतून वरडायची, थांबलात काऊन?" आणि काका हसले. त्या घरात मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. हसू मध्येच कुठेतरी अडकलं आणि त्यांनी पेपरने तोंड पुसलं. "माळ्यावर तर भर दुपारी बी चढली न्हाई कधी. ती कोणाला काय भेवडावणार?"

मी मावशीकडे बघायला धजत नव्हते. ती दुखावली होती, आणि का नाही दुखावणार? जो माणूस तिच्याशी कधी चार वाक्यं सलग बोलला नव्हता, तो पहिलीसाठी न्हाणीच्या दाराशी बोलत उभा राहायचा.

"हे मला कधी सांगितलं न्हाई तुमी," ती म्हणाली.

"तुला भ्या वाटंल म्हणून न्हाई बोललो."

"तुमी बोलला न्हाईत म्हणूनच वाटलं."

अंधार पडायला लागला होता. मावशीने टाक हातात घेतला आणि बराच वेळ अंगठ्याने पुसत राहिली. मग म्हणाली, "माळ्यावर दिवा न्हाई."

"न्हाई," काका म्हणाले.

"आणि इतके दिवस आपण तिला तिथं टाकलं."

"तिची भांडी टाकली," मी दुरुस्ती केली. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळची आमची बस होती. पेटी दाराशी आणून ठेवलेली. रात्रीच्या बोलण्यावर मावशी एक शब्द बोलली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. माणूस एका गोष्टीने बदलत नाही, हे मलाही कळत होतं. तिने उठल्याबरोबर काकांना शिडी लावायला सांगितली. काका वर चढले, आणि हंडा, परात, कळश्या, तपेली, सगळं रेणापूर एकेक करून खाली आलं. मावशीने कोळीष्टकं झाडली, भांडी अंगणात उन्हाला मांडली. जायच्या आधी तिचं तिला देऊन टाकायचं असेल, असं मला वाटलं. मग ती घागर, कळशी आणि हंडा लायनीत ठेवून आली आणि वेणी घालायला बसली.

टँकर आला तेव्हा आम्ही निघण्याच्या बेतात होतो. काका रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले होते. लायनीतून हाक आली, पहिलीच्या नावाने, तीच खणखणीत. मावशीचा हात वेणीत थांबला. पुन्हा हाक आली, "अवं, आहात का घरात? घागर एकटीच उभी हाय तुमची!"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग पेटीकडे. आणि अर्धी वेणी तशीच सोडून ती उठली.

"आले! आले की!" ती दारातूनच ओरडली आणि धावली. पायांचा आवाज करत, सगळी गल्ली ऐकेल अशी.

भरलेली घागर कमरेवर घेऊन ती आली तेव्हा काका रिक्षा घेऊन दाराशी उभे होते. त्यांनीही ती हाक आणि तिची ओ ऐकली असणार, कारण चेहरा भलताच झाला होता. घागर उतरवून घेताना ते म्हणाले, "तिच्या नावाखाली जागा हाय. तुझं बी नाव घालून देतो यावर."

"घाला की. आधी पाणी तर भरू द्या," मावशी म्हणाली.

"मावशी, बस निघेल," मी म्हटलं.

"तू जा," ती पदराने मान पुसत म्हणाली. "हंडा, कळशी लायनीत हाय अजून. तिला एकटीला उभं करून मी कुठं जाऊ? भेती ती."

आणि ती परत टँकरकडे पळाली. मी माझी पिशवी उचलली. पेटी काकांनी आत नेऊन ठेवली.